दादाचा बारकू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या घरात भाजी निवडत बसले होते. त्याची मुलगी ईरा एवढंच म्हणाली, "आत्या, बाबा गेले. झोपेतच." फोन ठेवला आणि मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण आधी ते सुटणं आलं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. दिल्लीच्या हवेनं त्याची फुप्फुसं कशी पोखरली आणि पलंगावरून खुर्चीत यायलाही तो कसा धापा टाकायचा, हे ज्यांनी पाहिलं त्यांना माझं म्हणणं समजेल. पण माझं सुटणं नुसतं आजारपणातून नव्हतं. दादा निश्चिंत होऊन गेला. तो तसा जाईल ही आशा आम्ही जवळजवळ सोडून दिली होती, कारण त्याला घोर लागला होता तो पोरीच्या लग्नाचा नव्हे की घराचा नव्हे, एका बेडकाचा.

हसू आलं असेल तर हसा, आमच्या घरातही पुष्कळ हसून झालेलं आहे. दादा केंद्र सरकारच्या नोकरीत प्राणिशास्त्रज्ञ होता. तरुणपणी कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या घनदाट, सदा ओल्या रानात फिरताना त्याला एक बेडूक सापडला. अंगठ्याच्या नखावर बसेल एवढा, वाळक्या पानाच्या रंगाचा, आणि आवाज असा बारीक टिकटिक की गावातले सगळे त्याला किडाच समजायचे. शास्त्राला हा बेडूक ठाऊक नव्हता. दादानं त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं. ते घरात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वहिनीनं त्याचा बारकू केला. मग दादाची बदली दिल्लीला झाली, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं, आणि दर पावसाळ्यात रजा काढून त्या रानात जायचं हा त्याचा नेम झाला. शेजारपाजारचे लोक सिमला-मसुरीचे फोटो दाखवायचे, दादा जळवा चावलेले पाय घेऊन यायचा. वहिनी म्हणायची, माझी सवत अंगठ्यावर मावते, तक्रार तरी कुणाकडे करू.

कॉलनीत तो 'मेंढकवाले अंकल' होता. पाऊस पडला की मुलं नालीतले गलेलठ्ठ बेडूक डब्यात घालून त्याच्या दारात उभी राहायची, आणि दादा प्रत्येकाचं तितक्याच अदबीनं स्वागत करून त्याला परत नालीत सोडायला लावायचा. मी तेव्हा दादाकडेच राहायचे आणि पहाडगंजातल्या मराठी शाळेत मराठी शिकवायचे. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या तोंडून एकेक शब्द कसा गळून पडतो ते वर्गात रोज बघायचे, आणि घरी आल्यावर ईराच्या मागे लागायचे. ईरा मेंढक म्हणायची, तेही मराठी वळण देऊन: एक मेंढक, दोन मेंढके. बेडूक म्हण गं, बेडूक, असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल. दादा मध्ये पडायचा. समजतंय ना काय म्हणतेय ते, मग राहू दे, म्हणायचा. शिक्षकाच्या घरात अशी माणसं असू नयेत.

या बारकूची एक गंमत दादा येईल-जाईल त्याला सांगायचा. त्याला तळं लागत नाही. इतर बेडकांची पिल्लं आधी पाण्यात शेपटी हलवत फिरतात, मग बेडूक होतात. बारकूची मादी ओल्या पाचोळ्यात अंडी घालते आणि अंड्यातून थेट तिळाएवढा बेडूक बाहेर पडतो. म्हणून त्याला हवी ती फक्त दाट सावली आणि ओला पाचोळा. झाडं गेली की पाचोळा वाळतो, पाचोळा वाळला की बारकू संपला. हे सांगताना दादा आधी उत्साहात असायचा. पुढे पुढे त्याचा आवाज उतरायला लागला... कारण त्या उतारावरून रस्ता झाला, रस्त्यामागोमाग हॉटेलं आली, रान विरळ झालं आणि एका पावसाळ्यात बारकू बोललाच नाही.

त्यानंतरही बोलला नाही. दादा निवृत्त होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आला होता, वहिनी गेली होती, आणि त्याला प्रवासाची मनाई होती. त्याचे विद्यार्थी दर पावसाळ्यात जाऊन ऐकून यायचे आणि चेहरा पाडून फोन करायचे. शेवटी जुन्या ऑफिसातून विचारणा झाली की सर, हा बेडूक आता उरलेला नाही असं तुम्हीच लिहून द्याल का. त्यांचंही चुकलं नाही, त्याच्याशिवाय कोण लिहिणार होतं? दादा मात्र टाळत राहिला. कधी चष्मा बदलायचा होता, कधी ताप होता. एकदा मी जरा रागावूनच म्हटलं, देऊन टाक लिहून, जिवाला त्रास कशाला. तो म्हणाला, "बारसं मी केलं त्याचं. आता दहावाही मीच घालू?" त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्या हयातीत, आपल्याच डोळ्यांदेखत हा जीव संपला, हे मनावर घेऊन तो मरणार होता.

यंदा पाऊस लागल्यावर ईरा म्हणाली, मी जाते. गुरगावच्या ऑफिसात लोकांच्या नोकऱ्या लावून देणारी ही मुलगी, तिला रानातलं ओ की ठो कळत नाही. पण बारकूच्या आवाजाची जुनी टेप ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. दादानं तिला रस्त्याकडेची जागा नीट समजावून दिली. तिनं तिथे दोन दिवस काढले. काही नाही. तिसऱ्या दिवशी वैतागून तिनं गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, इथे छोटे मेंढके कुठे मिळतील?

आता आमच्या मराठीत मेंढका म्हणजे मेंढरं राखणारा. म्हाताऱ्या बाईंना वाटलं, ही शहरातली मुलगी धनगरांच्या पोरांना शोधतेय. मेंढरं आता कोण पाळतंय, म्हशीवाली हायती, पार वर धनगरवाड्यात, जावा की, असं सांगून त्यांनी वाट दाखवली. ईराला त्यातलं 'वर' आणि 'जावा' एवढंच कळलं. भर पावसात ती चढत गेली. वर पोचली तर चार घरं आणि म्हशी. तिला रडूच फुटलं. घरातल्या बाईनं तिला आत घेतलं, पायाच्या जळवा मिठानं काढल्या, चहा दिला. आणि दिवेलागणीला गोठ्याच्या मागून टेपवरचा तोच टिकटिक आवाज यायला लागला. मागे त्यांच्या देवाचं रान होतं, जिथली वाळकी काटकीसुद्धा ते लोक उचलत नाहीत. दादाचे सगळे विद्यार्थी जुन्या उतारावर शोधत राहिले होते. इतक्या वर कुणी गेलंच नव्हतं.

खाली उतरून फोनला रेंज मिळाल्यावर तिनं ते रेकॉर्डिंग पाठवलं. मी तेव्हा दादापाशीच होते. मी फोन त्याच्या कानाशी धरला. मला तर रातकिड्यांखेरीज काही ऐकू येईना. दादानं ऑक्सिजनची नळी सारखी केली, डोळे मिटले, पुन्हा लाव म्हणाला. मग पुन्हा... मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि देवाला विनवत होते की नाही म्हणू नकोस. "हाच," तो म्हणाला. "एक नाही, पुष्कळ आहेत." मग ईराचा फोन आला. आत्या, मी मेंढके विचारले यार, आणि त्यांनी मला म्हशींकडे पाठवलं, असं सांगत ती हसत होती आणि रडत होती. दादा खोकला येईपर्यंत हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं तिनं तुझं ऐकलं नाही. बेडूक म्हणाली असती तर ओढ्याकाठी पाठवली असती तिला." एवढी वर्षं मराठी शिकवून मला मिळालेलं हे प्रशस्तिपत्रक.

पुढच्या आठवड्यात त्याचे विद्यार्थी जाऊन बघून आले. बारकूच होता. त्या देवाच्या रानातून रस्त्याचा एक फाटा जायचा होता. दादानं अंथरुणातून धापा टाकत फोन केले, धनगरवाड्यातले लोक तर आपल्या देवासाठी आधीपासूनच अडून बसले होते, आणि फाटा वळसा घालून नेण्याचं मान्य झालं. मान्य झालं म्हणजे झालंच असं नाही, सरकारी क्वार्टरात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. धनगरवाड्यातल्या बाई आठवडी बाजाराला खाली उतरल्या की ईरा मात्र त्यांना फोन करते आणि त्या तिच्या मराठीला हसतात.

गाझियाबादची ती खोली आता मोकळी झाली आहे. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं, पलंग हलवला. राहिली आहे ती दादाची एक सवय. बारकू गप्प झाल्यापासून रोज अंधारून आलं की तो खिडकीकडे बघून विचारायचा, "सुरू झाले असतील का?" आम्ही उठून दिवा लावायचो. ईरा परत आल्यानंतर, शेवटच्या त्या दिवसांत, त्यानं वाक्यातला 'का' काढून टाकला. परवा संध्याकाळी मी आणि ईरा त्या खोलीत जमिनीवर बसून त्याचे कपडे वेगळे करत होतो. बाहेर गाड्यांचे हॉर्न चालले होते, काळोख झाला होता, दिवा लावायला दोघींपैकी कुणीच उठलं नव्हतं. ईरा हातातला सदरा घडी करता करता थांबली आणि म्हणाली, "आत्या, सुरू झाले असतील."

"झाले असतील," मी म्हटलं.