मावशीच्या घागरीतला पेला

अन्याय झाला तो आपल्या मंडळीतल्या विधवा मावशीवर. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाचा पेला फिरायच्या जरा आधी. आणि तो आपण केला. 'झाला' म्हणून सुटायची सोय मी कुणालाच ठेवणार नाही, मलाही नाही.

जळकोटच्या अलीकडं, सडकेपासून आत, आपलं पत्र्याचं ख्रिस्ती देऊळ. पेल्यात द्राक्षरसाऐवजी मनुकांचं पाणी असतं. शनिवारी मनुका भिजवायच्या, रविवारी कुस्करून फडक्यातून गाळायच्या. हे काम मावशीचं, पाणीही तिच्याच विहिरीचं. त्या साली ती विहीर आटली, मंडळीत तेवढी एकच.

शनिवारी दुपारी मी दुष्काळी कामावरून खडी फोडून परतत होतो. अणदूरच्या बाजूनं झळांमधून एक घागर येताना दिसली. खाली पाय नव्हते, माणूस नव्हतं. नुसती घागर हवेत तरंगत होती. मग हळूहळू तिच्याखाली मावशी उमटली.

"सलाम मावशी. एवढ्या लांबनं? देऊळ काय पळून जातंय व्हय?"

"देऊळ न्हाय पळत बाबा, तुमीच पळता. पेला कोरडा दिसला की उपदेशातनंच उठताल."

दुसऱ्या दिवशी परगावचा एक प्रचारक उभा राहिला. त्याला कुणी पाठवलं, कुणी विचारलं नाही. पाण्याच्या थेंबाला महाग झालेल्या दिवसांत त्याचा सदरा दुधासारखा पांढरा होता, तेवढ्यावर आपण भुललो. आवाज झोळीच्या झोक्यासारखा, झोप आणणारा. आठवडाभर दगड फोडलेले, पोटात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर, वर तापलेले पत्रे. डोळे मिटत होते, आणि शब्द लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

"ज्याचा विश्वास पक्का, त्याची विहीर आटत नाही."

ज्यांच्या विहिरीत घोटभर उरलं होतं, त्यांचं आमेन मोठं आलं. ज्यांना विहीरच नव्हती त्यांचं सवयीनं. माझंही.

"आणि जिची आटली, तिनं पाप कबूल केल्याशिवाय या मेजाजवळ येऊ नये."

मावशी उठली. "साहेब, हे कंच्या अध्यायात हाय? मला वाचता येत न्हाय, पर कुणीबी वाचून दाखवा, म्या ऐकते."

तो हसला. "बाई, अध्याय विचारणं हाच अविश्वास."

सगळ्यांच्या मांडीवर पुस्तकं होती. एक पान सळसळलं नाही. मी मॅट्रिक झालेला, माझं बोट पानात अडकवलेलं, आणि मी ते उघडलं नाही. मागून एक वडीलधारे म्हणाले, "मावशी, उगं उपासना लांबवू नका." ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. पेला फिरला. मी प्यालो. गोड होतं. तिच्या डोक्यावरून आलेलं पाणी होतं ते.

प्रचारक दुपारच्या गाडीनं गेला, पुन्हा फिरकला नाही. पाऊस आला, तिची विहीर भरली. त्याची शिकवण मात्र आत राहिली, कारण ती कुणी बाहेर काढलीच नाही. मावशी अजून देऊळ झाडते, मनुका भिजवते, आणि पेल्याच्या वेळी पायरीवर जाऊन बसते. कधी कधी मला उपासनेत पेंग येते, आणि पुन्हा ती घागर तरंगत येते. तिच्याखाली कुणीच उमटत नाही.

गेल्या महिन्यात मी तिला म्हणालो, "मावशी, झालं गेलं. आता आत या की."

"सगळ्यांनी आमेन म्हणून भायेर काढलं, बाबा. एकट्या तुझ्या 'या'नं कशी येऊ?"

म्हणून हे लिहितोय. मी मंडळीत वाटतो ती पत्रकं वाचून 'लई झ्याक लिहितोस' म्हणता आणि घडी करून खिशात ठेवता. हे ठेवू नका. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी पुस्तक उघडं धरून या. पेला हाती यायच्या आधी उभे राहा, सगळे, आणि मोठ्यानं म्हणा, ती शिकवण खोटी होती आणि आम्ही तिला आमेन म्हटलं. मग पायरीपर्यंत चालत जा आणि पहिला घोट मावशीला द्या. बसल्या जागेवरून आमेन म्हणू नका. उठा.