रानबोकडाला वास लागू नये म्हणून

धम्मानंद सुखदेवे नागपुरात, बेसाच्या फ्लॅटमध्ये बसून किर्गिझस्तानच्या डोंगरांवरचं हवामान सांगतो. हवाई दलात असताना लेहला त्याने हेच काम केलं. निवृत्त झाल्यावर धरमपेठेतल्या विक्की नावाच्या टूरवाल्याने त्याला धरलं. विक्की हौशी श्रीमंतांना तिकडे शिकारीला नेतो. तिथे रानबोकड परवान्यावर मारता येतो. कधी चढायचं आणि कधी तंबूत बसायचं, हे धम्मानंद फोनवर सांगतो.

त्याच्या आईला, पार्वतीबाईला, हे मान्य नाही. छप्पन्न साली घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ती कडेवर होती. रोज पंचशील म्हणते; पहिलंच शील जीव न मारण्याचं. वर्षभर ती मुलासोबत जेवायला बसली नव्हती. ताट घेऊन बाल्कनीत जायची.

"काहून गा, आज कोनाच्या मरनाचा टाइम काढला?" सकाळची सुरुवात अशी. "आपन मुहूर्त पाहनं सोडलं. तू मारायचे मुहूर्त काढून राहिला."

"मी हवामान सांगतो, माय. मानसं जित्ती परत यावी म्हनून."

ऑक्टोबरात विक्कीचे पाहुणे वरच्या तळावर अडकले. पश्चिमेकडून ढग येतच होते. धम्मानंद रोज सांगायचा, चढू नका.

"काका, तुमचं नाई-नाई ऐकून पब्लिक पागल झाली इथं," विक्की तळावरून फोनवर ओरडला. "एकदा तं हो म्हना!"

"म्हनतो. मंग बर्फातून मुर्दे तूच काढजो."

पार्वतीबाईने हे ऐकलं. तिला वाटलं, जनावरं वाचावी म्हणून पोरगा मुद्दाम अडवून राहिला आहे. विहारातल्या बायकांना तिने तसं सांगितलंही. त्या दिवशी ती ताट घेऊन त्याच्यासमोर बसली, वांग्याची भाजी आग्रहाने वाढली. धम्मानंदने तिचा गैरसमज दूर केला नाही. वाढलेलं सगळं जेवला.

दुसऱ्या दिवशी नकाशे बदलले. ढग पुढे सरकले होते, मागून कोरडी हवा येत होती, कड्यावरचा वारा पडला होता. संगणक डोंगराची सरासरी उंची धरतो आणि कडा त्याहून उंच, म्हणून धम्मानंदने नेहमीसारखं तापमान आणखी खाली ओढलं. तरी उत्तर तेच आलं. उद्या दुपारपर्यंत आभाळ उघडं राहणार होतं.

विक्कीचा फोन आला तेव्हा पार्वतीबाई ओट्याशी उभी होती.

"बोला काका. हो का नाई?"

"उद्या पहाटे निघा. दुपारी ढग येतील, त्याच्या आधी खाली या." इथे थांबता आलं असतं. पण अंदाज अर्धा सोडायची त्याला सवय नव्हती. "अन् आइक. ताज्या बर्फानंतर बोकडं उन्हाच्या उतारावर चरायले येतील. ऊन पडेपर्यंत वारा वरून खाली वाहते. खालून जा, त्याईले वास लागनार नाई."

"जियो काका!" फोन कटला.

पार्वतीबाईने गॅस बंद केला. "हे इचारलं होतं त्यानं?"

धम्मानंदने संगणक बंद केला.

"मानसं जित्ती यावी म्हनून सांगतो नं तू? बोकडाले वास लागला नाई, तं यात कोनता मानूस वाचला? सांग नं!"

तिने पिशवीत दोन लुगडी कोंबली. उमरेडला लेकीकडे, सरिताकडे, जायला निघाली.

"स्टँडवर सोडून देतो, माय."

"तुह्या गाडीत नाई बसत मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी विक्कीकडून फोटो आला. बर्फावर आडवा बोकड, त्याची शिंगं धरून हसणारा पाहुणा. पाठोपाठ सरिताचा फोन.

"दादा, माय इचारते, जनावर मेलं का?" मग ती आवाज दाबून बोलली, "नाई म्हन नं गा. सकाळच्या एसटीनं आनून सोडते तिले. तिलेबी यायचंच आहे, फक्त तुह्या तोंडून आइकाचं आहे."

धम्मानंदने फोटो पुन्हा पाहिला.

"मेलं," तो म्हणाला.

"काय गा दादा..."

"मेलं, सरे. सांग तिले."

सांगायची गरज पडली नाही. पलीकडून पार्वतीबाईचाच आवाज आला, "ठेव वं तो फोन."