पुठ्ठ्याचा त्रिकोण

तोताराम सरांना त्या डबड्याचा पहिल्या दिवसापासून राग. ब्याण्णव साली धुळ्याच्या एका कॉलेजात संगणक आला, आणि तिथल्या अभिमन नावाच्या तरुण प्राध्यापकानं त्यावर एक प्रोग्राम बसवला. भूमितीचा पक्ष आणि साध्य टाइप करायचं. मधली सिद्धता यंत्र तपासणार, जमलं तर स्वतःच शोधून काढणार. सर म्हणत, टीव्हीला टाइपरायटर जोडला की गणित येतं होय रे? त्याच्याकडून आता आमची परीक्षा!

आणि परीक्षा खरंच आली. सरांनी एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि त्यांची सिद्धतांची वही छापायचं शिक्षक संघानं कबूल केलं होतं. मूल ना बाळ, मागं राहणार ती ही वहीच. पण संघाचे अध्यक्ष, मुख्याध्यापक रतिलाल, पडले हौशी. आधी यंत्राखालून काढू या, म्हणाले.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ हा सरांचा हुकमाचा एक्का. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकायचा, पायाचे दोन तुकडे पडतात, दोन काटकोन त्रिकोणांची बेरीज करायची. फळ्यावर आकृती ते नुसत्या हातानं काढायचे नाहीत. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेला एक त्रिकोण होता, तोच टेकवून खडू फिरवायचे. एकतीस वर्षं तोच पुठ्ठा, आणि लंब नेहमी आतच पडायचा.

अभिमननं सिद्धता टाइप केली. यंत्र तिसऱ्या पायरीवर अडलं. लंब पायाच्या आतच पडतो हे पक्षात दिलेलं नाही, असं पडद्यावर आलं.

सर भडकले. डोळे फुटलेत का त्याचे, आकृतीत ढळढळीत दिसतंय, दाखव त्याला, म्हणाले. अभिमननं सांगितलं, ते आकृती बघत नाही, लिहिलंय तेवढंच धरतं. पायावरचा एक कोन विशाल असला तर लंब बाहेर पडेल आणि बेरजेच्या जागी वजाबाकी येईल.

तेव्हा सरांनी अभिमनकडं नीट पाहिलं, आणि ओळख पटली. नववी ब, शेवटचा बाक, शेतमजुरी करणाऱ्या द्रौपदाबाईचा मुलगा. नेमकं हेच विचारलं म्हणून, आकृती मी काढली की तू, असं खेकसून त्यांनी त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"तेव्हाचा डूख धरून हे यंत्राला पढवलंस तू," सर म्हणाले.

"नाही, सर. मी त्याला फक्त नियम शिकवले. प्रश्न त्याचा त्यानंच काढला. तुमच्या वर्गात मी काढला होता तसाच."

रतिलाल मध्ये पडले. विशालकोनाच्या दोन ओळी जोडा, उद्याच छापायला देतो, म्हणाले. सरांनी वही काखेत मारली. त्या पोराची एकही ओळ माझ्या वहीत येणार नाही, असं सुनावून ते तडक निघाले.

वही छापली गेली नाही ती नाहीच. उरलेले चार महिने सरांनी फळ्यावर तोच पुठ्ठा टेकवला. फरक एवढाच, आता आकृती झाली की ते आधीच बजावायचे, कुणी काही विचारायचं नाही.