स्कोअर काय झाला, इलियास?

इलियास गवतावर बसला होता आणि रेफरी माझ्याकडे बघत होता. अठ्ठ्याहत्तर मिनिटं झाली होती. स्कोअर एक-एक. मॅच जिंकलो तर आमचा नाशिकचा क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता.

इलियास आमचा स्टॉपर. म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून येईल तो बॉल पायाने, डोक्याने परतवणारा. मालेगावचा, पॉवरलूमवर काम करणारा. आठवड्यातून तीनदा एसटीने प्रॅक्टिसला यायचा. कॉर्नरला उडी मारताना समोरच्याचं डोकं त्याच्या कानशिलावर आपटलं होतं. आवाज बेंचपर्यंत आला.

त्या स्पर्धेत तीन बदली खेळाडू उतरवता यायचे. मी तिन्ही संपवले होते, तिघंही फॉरवर्ड. मी स्वतः चौदा वर्षं स्ट्रायकर होतो. स्ट्रायकर म्हणजे दहा जणांनी राबून आणलेला बॉल जाळ्यात ढकलून टाळ्या घेणारा माणूस. मॅनेजर झालो तरी खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माझा असिस्टंट गायकवाड आधीच म्हणाला होता, "सर, एक बदल ठेवा हाताशी." मी ऐकलं नाही. आता इलियासला बाहेर काढलं तर दहाच जण उरणार होते.

रेफरीने आम्हा दोघांना आत बोलावलं. गायकवाडने इलियासच्या डोळ्यांत पाहिलं.

"सर, याची नजर ठरत नाय. बाहेर घ्या."

"बारा मिनिटं दहा जणांत काढायची?"

"हरलो तर हरलो. लय लागलंय त्याला."

गायकवाड बर्फाची पिशवी आणायला धावला. मी खाली वाकलो. डोक्याला मार लागला की खेळाडूला साधे प्रश्न विचारतात. ग्राउंड कुठलं, हाफ कितवा, स्कोअर किती. उत्तर चुकलं की त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला.

"कैसा है, इलियास?"

"ठीक हूँ, सर. खेलूँगा."

"स्कोअर काय झाला?"

"एक-झिरो. अपन आगे हैं."

बरोबरीचा गोल होऊन वीस मिनिटं झाली होती. त्या गोलवरून हाच गोलकीपरवर ओरडला होता. त्याचं उत्तर माझ्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं.

मी उठलो आणि रेफरीला म्हणालो, "फिट आहे."

सहा मिनिटांनी लांबून बॉल आला. इलियासने उडी घेतली, हेडर मारला, बॉल परतवला. तो खाली पडला आणि उठलाच नाही. ॲम्ब्युलन्स मुंबई नाक्यापर्यंत पोचली नसेल, तोवर माझ्या बदली फॉरवर्डने गोल केला. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या धाडसी बदलांचं कौतुक छापून आलं. ते वाचताना मला माझीच किळस आली.

मेंदूत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, इलियास वाचला. पण डावा हात थरथरतो, आणि लूमच्या आवाजाने चक्कर येते म्हणून ते कामही सुटलं. दोन महिन्यांनी मी मालेगावला गेलो. तो भावाच्या सायकल दुकानात बसला होता. मी माफी मागायला सुरुवात केली, तर मलाच समजावू लागला.

"आपकी क्या गलती, सर? आपने पूछा था. मैंने ही बोला, ठीक हूँ."

तेवढंच त्याला आठवत होतं. पुढचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मी त्याला सांगू शकलो असतो. मी चहा प्यायलो आणि परत आलो.

आता आमच्या क्लबमध्ये नियम आहे. डोक्याला लागलं की गायकवाड एकटा आत जातो, आणि तो म्हणेल तेच होतं. नियम मीच केलाय. असल्या वेळी मॅनेजरला मैदानात सोडू नये. त्याला मॅच जिंकायची असते.