बाकावरची धूळ

घुग्घुसच्या आमच्या कॉलनीमागचं दगडी चर्च खाणीच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. साहेब गेले, मागे राहिलेली ख्रिस्ती घरंही बदल्यांनी पांगली. राखणदार तेवढा उरला. पाद्री येवो न येवो, दर रविवारी तो बाकांवरची कोळशाची धूळ पुसायचा, घंटा वाजवायचा आणि दारात उभा राहायचा. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणायचा, "येऊन राह्यले असतील."

एकदा खाणीतल्या पाळीवरून परतताना ऊन सोसेना, म्हणून मी आत जाऊन बाकावर बसलो. रविवारी डोकावलो, तर सगळे बाक लखलखीत. माझ्या बाकावर मात्र धूळ तशीच, त्यात माझ्या बसण्याचा ठसा.

"हे काऊन नाई पुसलं, भाऊ?"

"राहू द्या," तो म्हणाला. "कोणीतरी आलतं, दिसू द्या."