माकडाला शिंगं

२०२१ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि गावात माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नाही, असं गावाचं म्हणणं होतं. मी रिकामा नव्हतो. मी रोज माळावर माकडशिंग बघायला जात होतो.

शाळा तिसरीपर्यंत. पुढं मास्तरांचं नि माझं पटलं नाही. त्यांनी शाळा चालू ठेवली, मी सोडली. त्यामुळं या झाडाला पुस्तकात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि कुणाला विचारायला मी जाणारही नाही. बोटाएवढ्या जाड, चौकोनी कांड्या. पान नाही, काटा नाही. उन्हाळ्यात सुरकुतून मेल्यासारखं पडतं, पाऊस झाला की टम्म फुगतं. पुढं कांडीचं टोक शेपटीसारखं निमुळतं होतं आणि त्याला जांभळट फुलं लोंबतात. वास मेलेल्या उंदराचा. माश्या मात्र लग्नाला आल्यासारख्या येतात. मग शेंगा धरतात, त्या जोडीनं, वर उभ्या. थेट शिंगं.

पूर्वी माळभर होतं. अर्धं शेळ्यांनी खाल्लं, अर्धं आम्ही मीठ लावून. आता एका खडकाच्या आडोशाला तेवढं एक बेट उरलेलं. दुसरं मी लई हिंडून शोधलं, सापडलं नाही.

त्या साली पुतण्यानं मुरूम काढायला तिथंच जेसीबी लावला. मी म्हणालो, "तेवढा खडक सोड."

"का वो तात्या?"

"खाली माकडशिंग हाय."

"म्हंजी गवतच का?"

"गवत न्हाई."

"मग त्याचं करायचं काय?"

"बघायचं."

तो हसला. "बरं बरं, बघू," म्हणाला. पुतण्याचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. आणि एक गोष्ट दुसऱ्यांदा मागायची मला सवय नाही.

काष्टीच्या बाजारातून शेंदूर आणला. गावातल्या दुकानात घेतला असता तर दुकानदारानं कारण विचारलं असतं. देवाला मी जन्मात हात जोडले नव्हते, देवानंही कधी तक्रार केली नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शेंदूर तेलात कालवला आणि खडकाला चांगला जाड फासला.

जेसीबीवाला आला. खडक बघितला, खाली उतरला, चप्पल काढली आणि मशीन माळाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. आमच्या लोकांना झाड दिसत नाही, शेंदूर लांबून दिसतो. पहिला नारळ पुतण्यानंच फोडला. मी शेजारी उभा राहून खोबरं खाल्लं.

पंधरवडा बरा गेला. मग माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे पुतण्याची आई, चार बाया घेऊन माळावर आली. हातात खुरपं.

"वहिनी, हे काय?"

"जागा साफ करतो. पोरगं उद्या कोबा करतंय, वर फरशी बसवनार हाय. देवाच्या पायाशी हे रान बरं दिसतंय व्हय?"

खुरपं बेटाला लागलंच होतं.

"ते उपटायचं न्हाई!"

"का? तुमी लावलंय?"

"मारुतीचं हाय ते. नावच माकडशिंग."

"माकडाला शिंगं कवा फुटली, भावजी?"

"शेंगा बघा की. जोडी हाय का न्हाई?"

तिनं वाकून बघितलं, तेवढ्यात फुलाचा वास आला. पदर नाकाला. "आन् ह्यो वास? देवाला असला वास चालतो?"

"लंका जाळताना शेपूट पेटलं हुतं त्याचं. वास यायचाच."

बायांतल्या एकीनं पटकन हात जोडले. वहिनी मात्र माझ्याकडं बघत राहिली. साठ वर्षं मला ओळखते ती.

"तुमाला कुनी सांगितलं ह्ये सगळं?"

आता मागं सरकायला जागा नव्हती. "दृष्टान्त झाला," मी म्हणालो.

"व्हय का? मग रोजची पूजाबी त्यानंच करायची असती, ज्याला दृष्टान्त झाला त्यानं. पारोसं जायचं न्हाई. आंघोळ करून, दिस उगवायच्या आत. आन् शनिवारचा उपास."

"उपास कशाला?"

"मग करू का कोबा?"

"धरतो उपास."

"फरशी नको म्हनून सांगते पोराला. पर एक दिवस जरी खाडा झाला ना भावजी, तर मी हाय आन् माझं खुरपं हाय." बाया उतरायला लागल्या, तशी ती मागं वळून जोरात म्हणाली, "पुजारीबुवा, जपून या!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गार पाण्यानं आंघोळ केली, तेलाची वाटी घेतली आणि माळ चढलो. खडकावर तेल ओतलं. ओतताना डावा तळहात खाली आडवा धरला, म्हणजे ओघळ माकडशिंगाच्या मुळांत जाणार नाही.