शेजारणीच्या मापाचा ओटा

सुतारमामांनी रंधा हातात धरला, तेव्हा घर सजवून देणारा असा वेगळा माणूस नसायचा. घरधनी बोट दाखवायचा, सुतार मान डोलवायचा, रंगारी उरलेला रंग फासायचा आणि पडद्याचं कापड घरधनीण आणायची. चौघांचं जमलं तर घर, नाही तर बाजार. पुढे नकाशे घेऊन इंटिरियर डिझायनर आले. मामा त्यांना कागदवाले म्हणायचे. कागदावर काढलेला खिळा कधी वाकत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग सूनच कागदवाली निघाली. शिकली, दुसऱ्यांच्या हाताखाली राबली आणि तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं, एका बाईंचं स्वयंपाकघर. ते पसंत पडलं तर बाईंच्या बहिणीचं अख्खं घर मिळणार होतं. सुतारकाम अर्थात मामांकडे.

मामांची रीत जुनी. घरातल्या बाईला उभं करायचं, कोपराशी लाकडी पट्टी धरायची, चाकूनं खूण करायची, त्याखाली चार बोटं ओटा. चाळीस वर्षांत एकीचीही पाठ दुखली नाही, असं ते सांगत. बायकांना कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

खोली बघायला ते एकटेच गेले. दार उघडणाऱ्या बाईंना उभं केलं, खूण केली. घरी नकाशा पाहिला, तर ओटा चांगला चार इंच उंच. पोरीची चूक चारचौघांत नको, म्हणून त्यांनी गुपचूप ओट्याखालची कपाटं चार इंच बुटकी केली. सून त्या आठवड्यात नळ आणि दिवे शोधत फिरत होती. ती येईपर्यंत वर दगडही बसला.

काम दाखवायच्या दिवशी घरच्या बाई आल्या, त्या दारातून वाकूनच. मागून त्यांची शेजारीण आली. मामांनी तिला ओळखलं. किल्ली हिच्याकडे होती, दार हिनंच उघडलं होतं.

बाई ओट्याशी उभ्या राहिल्या आणि धुणं धुवायला वाकावं तशा वाकल्या. सूनबाईकडे बघून त्यांनी विचारलं की, हे असंच ठरलं होतं का. सुनेनं नकाशा पाहिला, ओटा पाहिला, सासऱ्यांकडे पाहिलंच नाही. मोजताना आपलीच काही चूक झाली असावी, असं ती पुटपुटली.

मामांना ते झेपेना. "कागद बरोबर आहे. मी तुमच्या शेजारणीचं माप घेतलं."

शेजारीण म्हणाली, "तरीच म्हटलं, माझ्या कोपराला पट्टी कशाला लावतायत."

बाई आधी तिच्यावर हसल्या, मग सगळ्यांवरच.

दुरुस्तीला दोन दिवस गेले. चौघा गड्यांनी दगड न तडकवता उतरवला. मामांनी खाली चार इंचांची चौकट ठोकली, गुडघे कुरकुरले तरी दुसऱ्याला हात लावू दिला नाही. बाईंनी उभं राहून भाजी चिरून पाहिली आणि बहिणीला फोन लावला.

बहिणीकडे सासरा-सून जोडीनं गेले. मामांनी पट्टी काढली, पण आधी विचारलं, "घर तुमचंच ना?"

"माझंच. पण स्वयंपाक आमचे हे करतात."

मामांनी ह्यांना हाक मारली. सुनेनं पेन्सिल काढली.